पायाखालचा अकीक



दगड कापावा, घासावा, त्याला झिलई आणावी आणि शेवटी तांब्याच्या किंवा चांदीच्या तारेत गुंफून तो गळ्यात घालण्याजोगा करावा, हा उद्योग स्मृतिव्याख्यानाचा विषय व्हावा का, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. फावल्या वेळच्या छंदावर तासभर बोलण्यासारखे असे काय आहे? माझ्या मते पुष्कळ आहे, आणि महाराष्ट्रात तर जास्तच आहे. आपण ज्या खडकावर राहतो त्याची ओळख पाठ्यपुस्तकातल्या दोन परिच्छेदांवर आपण भागवली. ती ओळख हाताला व्हावी अशी सोय आपण कधी केलीच नाही. दगडाला झिलई आणण्याचा छंद ही ती सोय होऊ शकते, असे माझे म्हणणे आहे. त्याला एक अट मात्र मी जोडणार आहे. हा छंद घराच्या गच्चीत एकट्याने करण्याचा नव्हे. तो चार माणसांत, पाण्याची धार सोडून, जाणत्याच्या देखरेखीखाली करण्याचा आहे. या अटीवाचून माझा मुद्दा उभा राहत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात पैठणपासून करू. पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराची एक मार्गदर्शिका लिहिली. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे नाव मागे राहिलेले नाही. दख्खनच्या आतल्या भागातली दोन शहरे तो नावानिशी सांगतो, पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर. तेरहून मुख्यतः कापड निघे, असे त्याने नोंदवले आहे. पैठणहून भडोचला काय जात असे? ऑनिक्स, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा अकीक, आणि तोही मोठ्या प्रमाणावर. वीस दिवसांची वाट, बरीचशी बिनरस्त्याच्या मुलखातून, आणि माल गाड्यांवर लादलेला. एखादा दगड वीस दिवस गाडीतून नेणे परवडते, याचा अर्थ पलीकडच्या टोकाला त्याची किंमत जाणणारा माणूस उभा असतो. त्याही आधी, ताम्रपाषाणयुगात, भीमेच्या खोऱ्यातल्या इनामगावचे शेतकरी याच जातीच्या दगडाची, कॅल्सेडनीची, पाती काढून वापरत होते. नेवासे, तेर, भोकरदन इथल्या उत्खननांत अकीकाचे आणि लालसर कार्नेलियनचे मणी सापडले आहेत. म्हणजे हा दगड ओळखणारी, फोडणारी, भोक पाडणारी, घोटणारी माणसे या भूमीत हजारो वर्षे होती. आज तोच दगड आपल्याकडे गारगोटी म्हणून बांधावर भिरकावला जातो, नाहीतर खाणीच्या क्रशरमध्ये जाऊन खडी होतो.

यावर कोणी म्हणेल की ज्या भागात दगड टिकला तिथे कला टिकली, आपल्याकडचा चांगला माल संपला असेल. पुरावा नेमका उलट सांगतो. गुजरातेतले खंबायत हे अकीकाच्या कामाचे आपल्या देशातले सर्वांत नामांकित गाव, पण खंबायतेत अकीक निघत नाही. तो येतो भडोचच्या बाजूच्या रतनपूरच्या खाणींतून, आणि तिथले गोटेही मूळचे दख्खनच्याच काळ्या खडकातले. तो खडक झिजल्यावर सुटून नंतरच्या गाळात जमा झालेले. जर्मनीतले इडार-ओबरस्टाइन हे दुसरे उदाहरण. तिथे डोंगरातल्या अकीकावर शेकडो वर्षे धंदा चालला, पुढे तो अकीक सरत आला. तेव्हा १९व्या शतकात ब्राझीलमध्ये गेलेल्या त्यांच्याच लोकांनी तिथून दगड पाठवायला सुरुवात केली आणि धंदा पुन्हा उभा राहिला. दोन्ही ठिकाणी दगड बाहेरून आला, हात गावातले होते. आपल्याकडे दगड पायाखाली आहे आणि हात गेले. कसब जमिनीतून उगवत नाही, ते सरावाने टिकते, एवढे यातून निघते. मग सराव कोणी करायचा? धंदा म्हणून तो परत येईल, असे मला वाटत नाही. छंद म्हणून येऊ शकतो.

आता त्या खडकाकडे वळू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे पूर एकामागून एक आले. आजही त्यांचे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत आणि सह्याद्रीच्या कड्यांत ते पायऱ्यापायऱ्यांनी दिसतात. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे जागच्या जागी अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घकाळ खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने या पोकळ्यांत आपल्याबरोबरची खनिजे भरली. घाटातल्या रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत काळ्यावर पांढरे ठिपके दिसतात, ते हेच. पोकळीच्या भिंतीला कधी हिरव्या सेलॅडोनाइटचे पातळ अस्तर असते. मग अकीकाचे पट्टे, मध्यभागी स्फटिक, आणि कुठे कुठे झिओलाइट नावाच्या खनिजकुळातली स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही मंडळी. बोरघाटातून रेल्वे नेली, तो मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्या काळात घाटातल्या खडकाने दिलेले नमुने युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. वाघोलीच्या खाणीतले निळे कॅव्हनसाइट आणि जळगावकडचे अपोफिलाइट आज जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय पाहिले की आपल्या जिल्ह्यांनी काय काय दिले याचा अंदाज येतो. ज्याने ते अजून पाहिले नसेल त्याने नाशिकला जाताना वाट जरा वाकडी करावी.

पण पाहणे आणि कापणे यांत फरक आहे. मुठीएवढी गारगोटी बाहेरून मळकट, खडबडीत, काहीशी चेचलेली दिसते. तिच्या आत काय आहे हे कापल्याशिवाय कळत नाही, आणि कुठून कापायचे हे आधी ठरवावे लागते. तिथेच पहिला धडा आहे. काही अकीकांत पट्टे पोकळीच्या भिंतीबरोबर वळत जातात. काहींत मात्र तळाशी सरळ, आडवे, एकावर एक थर बसलेले असतात आणि त्यांच्या वरच्या बाजूला वळणदार पट्टे सुरू होतात. सिलिका गुरुत्वाकर्षणाने खाली बसत गेली तेव्हाची पातळी त्या आडव्या थरांनी धरून ठेवली आहे. गवंड्याची पाणसळ जणू खडकात गोठून राहिली. गोटा खडकातून काढताना त्याची वरची बाजू खडूने खुणावून ठेवली असेल, तर कापल्यावर एक तपासणी करता येते. हे थर आजच्या क्षितिजाशी समांतर आहेत, की कललेले? कललेले असतील तर ते भरले गेल्यानंतर तो खडक कधीतरी हलला असण्याची शक्यता पुढे येते. उलट, चुकीच्या दिशेने करवत घातली तर ही साक्ष हाताने पुसली जाते. हे कोणत्याही पुस्तकातून सांगता येईल, मी आत्ता सांगितलेच. पण करवतीखाली गोटा धरण्यापूर्वी तो चारदा फिरवून पाहणाऱ्याच्या मनात हा प्रश्न आपोआप उभा राहतो, कारण त्याच्याकडे एकच गोटा असतो आणि काप एकदाच घेता येतो. पट्टे नेमके कसे पडतात यावर शास्त्रज्ञांत अजूनही एकमत नाही. शाळकरी मुलाच्या हातात आलेल्या दगडाविषयीचा प्रश्न मोठ्यांच्या जगातही उघडा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कापल्यानंतरचे काम घासण्याचे. हिऱ्याची पूड बसवलेल्या पात्याने काढलेल्या चकतीवर आकार आखतात, कडेचा भाग उडवतात, आणि तो तुकडा लाखेने लाकडी काडीच्या टोकाला चिकटवतात, म्हणजे बोटे चाकापासून लांब राहतात आणि दगड सर्व बाजूंनी फिरवता येतो. मग ८० नंबरचे जाडे चाक, त्यावर घुमटाचा आकार. पुढे २२०, ४००, ६००, १२००, असे चढत्या नंबराने बारीक होत जायचे. यात एकच नियम आहे आणि तो मोडणारा प्रत्येक जण पकडला जातो: आधीच्या पायरीचे सगळे ओरखडे गेल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचे नाही. अडचण अशी की दगड सतत ओला असतो, आणि ओला दगड खोटे बोलतो. पाण्याची पातळ साय ओरखड्यांच्या खाचा भरून काढते आणि ६०० नंबरलाच दगड आरशासारखा दिसू लागतो. फडक्याने कोरडा करून दिव्याखाली तिरका धरला की करड्या रेषा उठून येतात. तेव्हा प्रत्येक पायरीला थांबायचे, पुसायचे, वाळू द्यायचे, तिरक्या उजेडात पाहायचे. घाई केली तर शिक्षा शेवटी मिळते: झिलई चढते आणि तिच्याखाली ८० नंबरचा एक खोल ओरखडा दिमाखात चमकू लागतो. मागे जाण्यावाचून गत्यंतर नसते. हातघाई झाली, चाकावर जोर दिला, पाणी कमी पडले, तर दगड तापतो, लाख सुटते, कधी दगडच तडकतो. यातली एकही गोष्ट गुण देणाऱ्या शिक्षकाला सांगावी लागत नाही, दगडच सांगतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असे आपण म्हणतो खरे, पण अकीकाच्या बाबतीत घाव कमी आणि धीर जास्त लागतो.

आणि झिलई म्हणजे तरी काय? हा प्रश्न या छंदातला सर्वांत सुंदर प्रश्न आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. साधे उत्तर असे, की ओरखडे बारीक होता होता इतके बारीक होतात की डोळ्याला दिसेनासे होतात. न्यूटनने १७०४ मधल्या आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात जवळपास हेच म्हटले. पण अनुभव त्यात बसत नाही. शेवटच्या पायरीला अकीकावर वापरतात ते सीरियम ऑक्साइड अकीकापेक्षा मऊ असते. मोहस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये मांडलेल्या कठिणतेच्या श्रेणीत अकीक आणि स्फटिक यांचा अंक ७. सीरियम ऑक्साइड त्याच्या खालचे. मऊ पदार्थ कठीण पदार्थाला ओरखडू शकत नाही, मग चमक येते कुठून? २०व्या शतकाच्या सुरुवातीला बीलबी या शास्त्रज्ञाने मांडले की पृष्ठभागाचा अगदी वरचा थर घासण्याने प्रवाही होऊन पसरतो आणि खाचा बुजवतो. पुढे घर्षणाची उष्णता किती आणि रासायनिक क्रिया किती यावर वाद झाले. सीरियम ऑक्साइड, पाणी आणि सिलिका यांच्यात पृष्ठभागावर रासायनिक देवघेव होते आणि घासण्याने तो बदललेला थर निघून जातो, हे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. संगणकाच्या चिपा ज्यावर बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्यांनाही अशाच, रसायन आणि घर्षण यांच्या जोडीने सपाट करतात. ओल्या कातड्यावर पांढरी भुकटी लावून अकीक घोटणारे मूल, कोणी त्याला सांगो न सांगो, त्याच प्रक्रियेवर हात फिरवत असते. सांगितले तर जास्त बरे.

तारेबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तो भाग दिसायला आकर्षक असला तरी माझ्या मुद्द्यासाठी दुय्यम आहे. अकीकाला भोक पाडणे कष्टाचे; डाख लावून कोंदण करायचे तर सोनाराची भट्टी आणि हात हवा. तारेत गुंफले की दोन्ही टळतात. सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीच्या तारेचा सांगाडा, त्यावर ०.३ मिलिमीटरच्या बारीक तारेचे वेढे, आणि दगड मागून उघडा राहतो म्हणून उजेडात धरून त्याचे पट्टे पाहता येतात. तारही काही शिकवते: वाकवत गेले की ती कडक होत जाते, आणि एकाच जागी तीन-चारदा उलटसुलट वाकवली की तुटते, तापवून मऊ केल्याशिवाय ती पुन्हा ऐकत नाही. जी मंडळी याला परदेशी खूळ समजतात त्यांनी घरातली नथ उलटी करून पाहावी. मोती आणि खडे बारीक तारेने जाड तारेवर बांधण्याची पद्धत आपल्या आज्यांच्या नाकात होती. एवढे पुरे.

आता आक्षेपांकडे येऊ. सर्वांत गंभीर आक्षेप धुळीचा आहे, आणि तो मी कोणाच्या तोंडून येण्याची वाट न पाहता स्वतःच मांडतो. खंबायतच्या अकीकाची ख्याती जितकी जुनी, तितकाच तिथल्या कारागिरांच्या छातीचा आजार जुना. अकीक म्हणजे सिलिका. कोरडा घासला की डोळ्यांना न दिसणारे कण उडतात, ते फुप्फुसांच्या तळाशी जाऊन बसतात, तिथे कायमचे व्रण करतात. या सिलिकोसिसवर आजही बरे करणारा उपचार नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या कामगारांचा अभ्यास केला आहे. काम घरोघरी चालत असल्याने ज्यांनी कधी चाकाला हात लावला नाही अशी घरातली आणि शेजारची माणसेही धुळीच्या तडाख्यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. इडार-ओबरस्टाइनमध्ये तर कारागीर उताणे नव्हे, पालथे पडून, पाण्यावर फिरणाऱ्या प्रचंड वालुकाश्माच्या चाकांवर दगड दाबत, आणि तिथेही छातीचे आजार होतेच. तेव्हा कोणी म्हणाले, की जे काम गरिबाला मारते ते सुशिक्षितांनी हौसेने करावे हा कसला विचार, तर त्या प्रश्नातला राग मला रास्त वाटतो.

पण त्या रागाचा निष्कर्ष काय? कण उडतात ते कोरड्या घासण्यात. पाण्याची संतत धार असली की त्यातले बहुतेक पाण्यात अडकतात. तरीही चाकावरून उडणाऱ्या तुषारांत काही राहतात, म्हणून चांगला मास्क आणि हवा खेचणारा पंखा लागतोच. घासताना निघणाऱ्या मळीचा थर टेबलावर आणि फरशीवर वाळला की तो पुन्हा धूळच होतो. म्हणून कार्यशाळेत केरसुणीला मज्जाव, सगळे ओल्या फडक्याने पुसायचे, कपडे तिथेच बदलायचे. मळी मोरीत ओतायची नाही, ती नळाच्या वळणात सिमेंटासारखी बसते. वीज आणि पाणी शेजारी असल्याने गळती झाली की क्षणात वीज तोडणारा स्विच लागतो. यातली प्रत्येक गोष्ट एका घरात, एका हौशी माणसाकडून नेमाने होईल यावर मी विश्वास ठेवणार नाही. दहा माणसांच्या कार्यशाळेत, जिथे नियम भिंतीवर लिहिलेला आहे आणि एक जण तो पाळला जातो का हे पाहतो, तिथे होईल. माझी सुरुवातीची अट इथून आली आहे. शिवाय, ज्याने ओल्या चाकावर एक खडा तयार केला आणि त्यासाठी किती काळजी घ्यावी लागते हे पाहिले, तो पुढे बाजारात शंभर रुपयांना मण्यांची अख्खी माळ मिळाली तर ती कोणाच्या छातीवर तयार झाली, असे विचारील. विचारणारे गिऱ्हाईक आज जवळजवळ नाही. कारागिराच्या घरातली धूळ कमी करायला कायदा लागेल, पैसा लागेल. पण मागणी करणारे गिऱ्हाईकही लागेल.

दुसरा आक्षेप निसर्गाच्या बाजूने येतो. छंद वाढला की लोक डोंगर पोखरतील. ही भीती पोकळ नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात दगड झालेल्या प्राचीन झाडांचे अरण्य आहे. १९व्या शतकाच्या शेवटी लोकांनी तिथले ओंडके स्फटिकांसाठी सुरुंगाने उडवले, गाड्या भरभरून नेले, आणि शेवटी १९०६ मध्ये सरकारला तो भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवावा लागला. आपल्याकडे कायदा पुष्कळ आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात जंगलातले खडक आणि खनिजेही वनोपज मानली आहेत; अकीक २०१५ पासून गौण खनिजांच्या यादीत आहे आणि त्याचे नियम राज्य सरकार करते. म्हणून छंदाची शिस्त अशी हवी: गडकिल्ले, लेणी, अभयारण्य, राखीव जंगल इथला खडाही उचलायचा नाही. मग दगड आणायचा कुठून? जी खाण रीतसर परवान्यावर चालते, तिच्या टाकाऊ ढिगातून, मालकाच्या संमतीने. खडी आणि बांधकामाच्या खाणीत बुडबुड्यांचा खडक नकोसा असतो. त्यातला अकीक नाहीतरी क्रशरच्या दाढेखाली जाणार असतो. तो वाचवला तर डोंगराचे एक ग्रॅमही जास्त जात नाही.

याच संदर्भात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या काठावर सापडणारा प्रत्येक कॅल्सेडनीचा तुकडा निसर्गाने तोडलेला नसतो. माणसाने आघात करून काढलेल्या पात्यावर, जिथे घाव बसला त्या टोकापाशी, एक गुळगुळीत फुगवटा असतो आणि त्याभोवती मंद लाटा पसरलेल्या दिसतात. कडा कधी नीट टवकारलेल्या असतात. असा तुकडा दिसला तर तो तिथेच राहू द्यायचा आणि पुरातत्त्व विभागाला कळवायचे. जागेवरून उचलला की त्याची अर्धी साक्ष जाते, चाकावर धरला की उरलेली जाते. दगड फुटतो कसा हे ज्याने स्वतः पाहिले आहे, त्याला हा फरक लवकर ओळखू येतो. खंबायतचा कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर गोटा टेकवून शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने त्यावर हलके घाव घालतो आणि कपचे काढतो. हडप्पाकालीन मणी कसे घडले असतील हे समजण्यासाठी पुरातत्त्वज्ञांनी त्याच्यासमोर बसून टिपणे काढली, ती उगाच नव्हे. सिंधूकाठचे लांब कार्नेलियन मणी मेसोपोटेमियातल्या उरच्या राजकबरींत सापडले आहेत, आणि ते कसे बनले याचा दुवा एका जिवंत हातात होता.

झिओलाइट आणि अपोफिलाइट यांचे स्फटिक कापू नयेत, असे संग्राहक म्हणतात. त्यांच्याशी माझे मतभेद नाहीत. अपोफिलाइटचा अंक साडेचार-पाच, स्टिल्बाइटचा त्याहून कमी. ते चाकावर टिकतही नाहीत आणि त्यांचे पैलू निसर्गानेच पाडलेले आहेत. छंदवाल्याने अकीक, जॅस्पर, साधी गारगोटी यांवर समाधान मानावे.

हा श्रीमंती चाळा आहे, यंत्रे महाग, असे म्हणणाऱ्यांना एक सोपे उत्तर आहे. गॅरेजमध्ये गाडीचा रंग घासायला वापरतात तो वॉटर पेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्यावर बसवलेली सिलिकॉन कार्बाइडची पूड अकीकाहून कठीण. ॲचेसन या संशोधकाने १८९० च्या दशकात हा पदार्थ कृत्रिमरीत्या बनवला, तेव्हा त्याचे पहिले गिऱ्हाईक रत्ने घासणारेच होते. काचेच्या तुकड्यावर ओला कागद, खाली पाणी, आणि खाणीच्या ढिगातला त्यातल्या त्यात गुळगुळीत गोटा: काही तासांत हाताने त्याची एक बाजू उजळता येते. वेळ लागतो, पैसा नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत हा छंद तळघरांत आणि मोटारीच्या शेडांत पसरला, तो पगारदार माणसांनी वाढवला. १९४७ मध्ये त्याचे 'लॅपिडरी जर्नल' हे मासिक निघाले, त्याच वर्षी खनिज मंडळांचा राष्ट्रीय महासंघ झाला, १९५५ मध्ये टुसॉनचे आज जगप्रसिद्ध झालेले प्रदर्शन हौशी मंडळानेच सुरू केले. त्यातला बाजारूपणा आपण घ्यावा असे नाही. मंडळ करण्याची सवय घ्यावी.

राहिला खड्यांवरच्या अंधश्रद्धेचा प्रश्न. असा छंद राशीच्या खड्यांच्या दुकानदारीला खतपाणीच घालील, असे काही विवेकवादी मित्र म्हणतात. मला उलट वाटते, पण फार आशाही नाही. नैसर्गिक दख्खनी अकीक बहुधा करडा, दुधी, फिका निळसर असतो. भडक गुलाबी आणि जर्द निळ्या चकत्या ज्या दुकानांत ओळीने मांडलेल्या असतात त्या रंगवलेल्या असतात, कारण अकीकाचे काही पट्टे सच्छिद्र असल्याने रंग पितात. साखरेच्या पाकात मुरवून तीव्र गंधकाम्लात टाकले की त्या पट्ट्यांत कोळसा होतो आणि काळा ऑनिक्स तयार होतो. मधात शिजवून खडे सुधारण्याची युक्ती रोमन लेखक प्लिनीनेही नोंदवली आहे. आणि लाल कार्नेलियनपैकी पुष्कळसा तापवून लाल केलेला असतो. ज्याने हे एकदा करून पाहिले, त्याला खड्यातून ग्रहांची किरणे येतात हे पटवणे थोडे जड जाईल. बाकीच्यांवर परिणाम होईल असे मी म्हणत नाही.

मग प्रत्यक्षात काय व्हावे? भूशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आपल्याकडे आहेत. खडकाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्यांच्याकडे करवत आणि घासण्याची चाके असतात. आठवड्यातून एक दुपार ती गावासाठी खुली करता येईल. ग्रंथालयांना दुसरा मार्ग आहे: एक छोटी पाण्याची करवत, दोन चाके, नळ, मळी साठवण्याची टाकी, मास्क, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत कोरडे घासण्यास सक्त मनाई. पिंपात दगड आणि भरड पूड टाकून फिरवत ठेवण्याचे यंत्रही चालेल. त्याला एका खेपेला साधारण महिना लागतो, दर आठवड्याला पूड बदलून गोटे आणि पिंप स्वच्छ धुवावे लागतात, कारण आधीच्या जाड्या पुडीचा एक कण राहिला तरी अख्खी खेप वाया जाते. लहान मुलांसाठी ते अधिक सुरक्षित. तयार झालेल्या प्रत्येक खड्याबरोबर एक चिठ्ठी असावी: कोणत्या खाणीतून, कोणत्या तारखेला, कोणाच्या परवानगीने. चिठ्ठी नसेल तो दागिना. चिठ्ठी असेल तर तो आपल्या तालुक्याच्या भूगोलाचा नमुनाही होतो.

अध्यक्ष महाराज, इथे महाविद्यालयांचे प्राचार्य आणि ग्रंथालयांचे विश्वस्त बसलेले आहेत. त्यांच्याकडे माझी एवढीच मागणी आहे, की पुढच्या वर्षीची व्याख्यानमाला भरण्यापूर्वी निदान एका संस्थेने अशी कार्यशाळा सुरू करावी. पाण्याची आणि हवेची सोय आधी करावी, चाक नंतर आणावे, आणि पहिला दगड आपल्याच तालुक्यातल्या खाणीच्या ढिगातून, लेखी परवानगी घेऊन, उचलावा.